लिटल मॉर्टन हॉल: वाकला, पण मोडला नाही

कॅमेरा सरळच धरलाय. तिरकं आहे ते घर.

इंग्लंडच्या चेशर परगण्यातला, पाण्याच्या खंदकाने वेढलेला हा लिटल मॉर्टन हॉल. मॉर्टन इथले बडे जमीनदार. 1504 च्या सुमारास त्यांनी दिवाणखान्यापासून बांधकाम काढलं आणि पुढची शंभरेक वर्षं ते वाढतच गेलं. सांगाडा सगळा ओकचा. एका तुळईला खाच पाडायची, दुसरीचं टोक त्यात बसवायचं, वरून लाकडी खुंटी ठोकायची. मधल्या चौकटींत कुडाच्या भिंती. आजचा काळा-पांढरा थाट बऱ्याच अंशी व्हिक्टोरियन काळातली, म्हणजे एकोणिसाव्या शतकातली हौस. मुळात ओक उघडाच ठेवत, उन्हापावसात तो रुपेरी पडे.

आता चौकात या. 1559 च्या या दोन खिडक्या इतक्या खेटून पुढे आल्यात की त्यांची छपरं जवळजवळ भिडतात. वरच्या कोरीव पट्टीवर मालक विल्यम मॉर्टनचं नाव आहेच, पण रिचर्ड डेल या सुताराचंही आहे. कारागीर असा मालकाच्या पंक्तीला बसलेला क्वचितच दिसतो.

वाकण्याचं मूळ मात्र सगळ्यात वरच्या मजल्यावर. लांबलचक गॅलरी ही त्या काळी श्रीमंतीची खूण. बाहेर पाऊस असला की तिथे फेऱ्या मारायच्या, खेळायचं. भिंतींच्या लाकडी अस्तरामागे सतराव्या शतकातले टेनिसचे चेंडू सापडलेत! ही गॅलरी मूळ बेतात नव्हती, मागाहून सुचलेली. सुमारे 21 मीटर लांब, दोन्ही अंगांना काचाच काचा आणि डोक्यावर जड दगडी फरशांचं छप्पर. हौसेला मोल नसतं म्हणतात. इथे ते खालच्या तुळयांनी चुकतं केलं.

मग राजा विरुद्ध पार्लमेंट असं यादवी युद्ध आलं. मॉर्टन राजाच्या बाजूचे. 1643 मध्ये पार्लमेंटच्या सैन्याने घर ताब्यात घेतलं, घराणं कर्जात रुतलं, आणि पुढे वाडा शेतकरी कुळांकडे भाड्याने गेला. नव्या फॅशनप्रमाणे पाडापाड करायला पैसाच नव्हता, म्हणून तर हे ट्यूडर, म्हणजे सोळाव्या शतकातल्या धाटणीचं बांधकाम टिकलं. गॅलरीला पोलादी सळ्यांचा आधार दिला तो बहुधा 1892 मध्ये वारशाने वाडा मिळालेल्या एलिझाबेथ मॉर्टन या ननने. 1938 पासून वाडा जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आहे.

आणि ही बैठकीची खोली. 1976 मध्ये इथल्या लाकडी अस्तरामागे बायबलशी जोडलेल्या सुझानाच्या कथेची जुनी चित्रं सापडली, आणि त्यांच्याखाली रंगाने काढलेल्या खोट्या लाकडी फळ्या. अख्खं घर ओकचं, तरी भिंतीवर लाकूड रंगवून घेतलंय!