खांदे पोरासारखे होतील

श्रोतेहो, नमस्कार.

सकाळी एखाद्या जिल्हा क्रीडा संकुलात चक्कर मारा. सोळा-सतरा वर्षांच्या मुली धावत असतात, पण शॉर्ट्सवर ट्रॅक पँट असतेच. स्पर्धेत ही पँट उतरते नाव पुकारल्यावर, आणि शर्यत संपली की धापा टाकत आधी तीच शोधायची. घरून बजावलेलं असतं: उन्हात काळी पडशील, खांदे पोरासारखे होतील, मग स्थळं कशी यायची? मांड्या भरल्या की वेग वाढतो, हे त्या पोरीला पक्कं ठाऊक असतं. आरशासमोर मात्र त्याच मांड्या तिला नकोशा होतात.

घरचे नुसतं बोलतात. क्रीडा संघटनांनी त्याचा नियमच केला. तमिळनाडूच्या शांती सौंदराजनचं २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेतलं ८०० मीटरचं रौप्यपदक लिंगचाचणीनंतर काढून घेण्यात आलं. ओडिशाची धावपटू द्युती चंद हिला २०१४ मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेच्या तोंडावर वगळलं, कारण शरीरात टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषांत जास्त असणारं संप्रेरक, नियमातल्या मर्यादेपेक्षा जास्त. तिने काही घेतलं नव्हतं. ते तिच्या शरीरातच तयार होत होतं. औषधोपचारांनी ते कमी करायचं, हा मार्ग या विणकराच्या मुलीने नाकारला आणि थेट आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाकडे दाद मागितली. या टेस्टोस्टेरॉनमुळे नेमका किती फायदा होतो, याचा पुरेसा पुरावा नाही, असं म्हणत लवादाने २०१५ मध्ये तो नियम स्थगित केला. पुरावा मागितला, हेच मला विशेष वाटतं. आपण तर मुलींच्या शरीरावर पुराव्याशिवायच निकाल देऊन मोकळे होतो!

द्युतीने २०१८ मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत दोन रौप्यपदकं जिंकली. पुढच्याच वर्षी आपलं एका मुलीवर प्रेम असल्याचं तिने जाहीर सांगितलं, तेव्हा घरूनच विरोध झाला. (२०२३ मध्ये उत्तेजक द्रव्यांमुळे तिच्यावर बंदी आली; ते प्रकरण वेगळं, त्याने आधीचा लढा खोटा ठरत नाही.)

आता १ सप्टेंबर २०२५ पासून जागतिक क्रमवारीच्या स्पर्धांत महिला गटात धावायचं, तर आयुष्यात एकदा लिंग तपासणारी जनुकचाचणी सक्तीची झाली आहे. गालाच्या आतून कापूस फिरवायचा किंवा रक्त द्यायचं. पुरुष गटाला अशी चाचणी नाही. उद्या एखाद्या अठरा वर्षांच्या पोरीचा अहवाल अनपेक्षित आला, तर तो तिला कोण सांगणार, प्रशिक्षक की आई? आणि गावात काय सांगायचं?