ठणका थांबला म्हणजे दाढ बरी झाली नाही

नमस्कार. मघाशी दारातच एका ताईंनी माझा हात धरला आणि स्वतःच्या गालावर ठेवला. "डॉक्टर, गरम लागतोय का हो?" लागत होता. मी त्यांना तोंड उघडायला लावलं. एकावर एक तीन बोटं आत गेली. ताप नाही, गिळायला त्रास नाही. म्हणून त्या आत्ता पहिल्या रांगेत बसल्या आहेत, नाहीतर मी भाषण बाजूला ठेवून आधी त्यांना हॉस्पिटलात घेऊन गेले असते. नऊ दिवस त्यांनी मेडिकलमधल्या गोळ्यांवर काढलेत. का, म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "चार घरची कामं आहेत. खाडा झाला की पैसे कापतात."

हा खाडा मी नोकरीला लागल्यापासून ऐकतेय. सरकारी दवाखान्यात केस पेपरला लागतात ते पैसे किरकोळ असतात. माणूस अडतो तो खाड्यापाशी. म्हणून आधी खाड्याचाच हिशेब मांडते. दाढेला नुसतं भोक पडलं होतं तेव्हा एका सकाळीत चांदी भरून झाली असती. दाढेच्या आतल्या नसेपर्यंत कीड गेली की रूट कॅनल, म्हणजे ती नस काढून आत भरायचं, त्याला दोन-तीन खेपा. पू झाला, सूज गळ्याकडे उतरली, की अॅडमिट. मग एक खाडा टाळायला गेलेल्या माणसाचे पंधरा खाडे होतात.

दाढ रात्रीच का ठणकते? दाढेच्या आत नस असते, ती हाडाहून कठीण अशा डबीत बंद आहे. बोट सुजलं तर फुगायला जागा असते, नसेला ती नाही. आडवं झालं की डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो आणि कळ कानशिलापर्यंत जाते. मग एखाद्या सकाळी ठणका अचानक थांबतो. घरात सगळ्यांना हायसं वाटतं. मला त्याच दिवसाची भीती वाटते, कारण बहुतेक वेळा त्या दिवशी नस मेलेली असते. जंतू मुळाच्या टोकातून हाडात उतरायला लागतात. मेलेल्या नसेत रक्त जात नाही, त्यामुळे अँटिबायोटिकही तिथे पोचत नाही. दाढ उघडून घाण काढावी लागते, नाहीतर दाढच काढावी लागते. गोळीने दिवस ढकलता येतात, रोग तिथेच राहतो.

आणि कळ थांबावी म्हणून गोळी हिरडीवर दाबून धरू नका, हिरडी भाजते. गालाला गरम सेक नको. मशेरी तर नकोच. तिने दुखणं बधिर होतं, म्हणून माणूस आणखी महिनाभर थांबतो, आणि ती तंबाखूच आहे.

एका रिक्षावाल्या दादांचं सांगते. रात्री उशिरा कॅज्युअल्टीत आले, बायको सोबत. खांद्यावरचा टॉवेल लाळेने भिजलेला, कारण थुंकी गिळता येत नव्हती. हनुवटीखाली दोन्ही बाजूंना सूज, हात लावला तर लाकडासारखी कडक. जीभ वर उचलली गेलेली. बोलणं असं, की तोंडात गरम घास आहे. तोंड एका बोटाएवढंही उघडत नव्हतं. मूळ काय, तर खालची किडकी दाढ, तीन आठवडे दुखून "बरी झालेली". याला लुडविग अंजायना म्हणतात, यात श्वास कोंडून माणूस जातो. त्यांच्या गळ्याला छेद देऊन श्वासाची नळी घालावी लागली. ते वाचले. पण त्या रात्री बाहेर बाकावर बसलेली त्यांची बायको मला सारखं एकच विचारत होती, "दाढेनं माणूस जातो का हो?"

जातो, ताई. म्हणून सूज हनुवटीखाली किंवा डोळ्याकडे सरकली, तोंड उघडेना, गिळवेना, श्वास लागला, सुजेबरोबर थंडीताप आला, तर सकाळची वाट बघायची नाही. मुंबईत केईएम, सायन, नायर, कूपर, यातलं जे हॉस्पिटल जवळ असेल तिथली कॅज्युअल्टी रात्रभर उघडी असते. १०८ ची रुग्णवाहिका फुकट आहे. वाटेत खासगी हॉस्पिटल लागलं तर तिथेही जा. जीव धोक्यात असलेल्या माणसाला आधी उपचार देणं हे प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात सांगितलंय. धर्मादाय हॉस्पिटलांमध्ये १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला घरात एका पिशवीत ठेवा.

एवढं गंभीर नसेल तर सकाळी दोन जागा. सीएसएमटी स्टेशनजवळ सेंट जॉर्जेसच्या आवारात सरकारी डेंटल कॉलेज, आणि मुंबई सेंट्रलला महापालिकेचं नायर डेंटल. लवकर जा, रांग मोठी असते. खिडकीवर आणि आत डॉक्टरांनाही पहिलं वाक्य "सूज आहे" हे सांगा; ते नाही सांगितलं तर तुम्ही साफसफाईला आलेल्यांच्या रांगेत बसून राहाल. काम शिकणारी मुलं करतात म्हणून घाबरू नका, त्यांच्या मागे शिकवणारे उभे असतात. वेळ मात्र लागतो.

विम्याबद्दल थोडंच. ज्यांचा विमा आहे त्यांच्याही बहुतेक पॉलिसीत किडकी दाढ बसत नाही, तेव्हा त्याची खंत नको. पण घरात कुणी सिक्युरिटीत, हाउसकीपिंगमध्ये, कारखान्यात असेल आणि पगार २१,००० च्या आत असेल, तर पगाराच्या चिठ्ठीवर ईएसआयची, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याची, कपात शोधा. शंभराला पाऊण रुपया कापला जातो, आणि त्यात घरच्यांचेही उपचार येतात. वरळी, कांदिवली, मुलुंडला त्यांची हॉस्पिटलं आहेत.

आणि गल्लीतल्या डेंटिस्टकडेच जायचं झालं तर पूर्ण रूट कॅनल आणि कॅपचा आकडा ऐकून उठून येऊ नका. विचारा, "आज दुखणं थांबवण्यापुरतं काय करता, त्याचे किती?" दाढ उघडून, आतली घाण काढून, वर तात्पुरतं सिमेंट भरता येतं. ते काही आठवड्यांचंच असतं, पण तेवढ्यात पुढचे पैसे जमवता येतात. भिंतीवर नोंदणीचं प्रमाणपत्र आहे का तेवढं बघा. कायद्याने ते लागतंच. फुटपाथवर दात बसवणाऱ्याकडे जाऊ नका, त्याच्या चिमट्याबरोबर कावीळही येऊ शकते.

आता या ताईंचं. त्यांना उद्या सकाळी नायर डेंटलला जायचंय. गालाची सूज आणखी खाली उतरली किंवा तोंड आवळलं तर आज रात्रीच. त्यांची सकाळची दोन घरं इथल्याच दोन बिल्डिंगमध्ये आहेत. उद्यापुरती त्यांची भांडी कोण घासेल? हात वर करा. तुम्ही? आणि दुसऱ्या घरी?