उंच जिप्सी आणि नाचणारं स्टीअरिंग

नमस्कार श्रोतेहो. परवा एक पोरगा मारुती जिप्सी घेऊन गॅरेजात आला. गाडी उंच केलेली, टायर मोठाले. म्हणाला, "काका, साठच्या पुढे गेलं की स्टीअरिंग थयथय नाचतं. डॅम्पर बसवून द्या." म्हटलं, "आधी चहा घे, मग गाडीखाली शिरू." डॅम्पर म्हणजे स्टीअरिंगचे हिसके शोषणारा दांडा. तो थरथर दाबतो, तिचं कारण काढत नाही. ते कारण खाली कुठेतरी झिजत बसलेलं असतं.

जिप्सी आली 1985 साली. पुढे-मागे अखंड अ‍ॅक्सल, चारही चाकांना पाटे, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा. अशी गाडी उंच करणं सोपं, म्हणून भल्याभल्यांचे हात शिवशिवतात. स्वस्तातला उपाय म्हणजे लांब शॅकल, म्हणजे पाट्याचं टोक चासीला जोडणारी झुलती पट्टी. या पोरानंही तेच केलं होतं. पण पाट्याचं एकच टोक शॅकलला लटकतं, त्यामुळे शॅकल चार इंच वाढवली तर उंची मिळते दोनच इंच. शिवाय जिप्सीच्या पुढच्या पाट्यांची शॅकल पुढच्या टोकाला असते. ते टोक खाली गेलं की अ‍ॅक्सल पुढे झुकतो आणि कॅस्टर कमी होतो. सायकलचा चिमटा मागे कललेला असतो ना, तसाच हा कल. तो गेला की वळण संपल्यावर स्टीअरिंग आपसूक सरळ होत नाही, गाडी रस्त्यावर भरकटते. पाटा आणि अ‍ॅक्सलच्या मध्ये पाचर घालून कॅस्टर परत आणता येतो. मात्र त्याने डिफरन्शियलचं, म्हणजे अ‍ॅक्सलमधल्या गिअरच्या गोळ्याचं, तोंड खाली वळतं आणि त्याला फिरवणाऱ्या पुढच्या शाफ्टचे क्रॉस, म्हणजे सांधे, कुरकुरायला लागतात. एक दुखणं काढावं तर दुसरं उभं!

तर तपासणी. गाडी जमिनीवरच ठेवून त्याला स्टीअरिंग जरा डावी-उजवीकडे हलवायला लावलं आणि मी खालून एकेका सांध्यावर हात ठेवत गेलो. टाय रॉड एंड, म्हणजे दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्याच्या टोकांचे सांधे, घट्ट होते. मग जॅक लावून चाक वर-खाली धरून हलवलं, तर लूज. त्याला ब्रेक दाबून ठेवायला सांगितलं. ब्रेक दाबल्यावर लूज गेलं तर व्हील बेअरिंग, राहिलं तर किंगपिन, म्हणजे ज्या खुंटीवर चाक डावी-उजवीकडे वळतं ती. इथे राहिलं. किंगपिनची बेअरिंगं बदलली, शिम (पातळ चकत्या) बघून ताण बसवला, चाकं बॅलन्स केली. थरथर गेली.

खड्ड्यात हिसका मात्र तसाच. उंचीमुळे ड्रॅग लिंक, म्हणजे स्टीअरिंग बॉक्सकडून चाकाकडे जाणारा दांडा, तिरपी झालेली. पाटा दबला की ती आडवी होत जाते आणि चाकाला ढकलते. स्टीअरिंग बॉक्सचा ड्रॉप आर्म, म्हणजे ही लिंक हलवणारा हात, जास्त खाली उतरणारा लावला तर तिरपेपणा कमी होतो, पण स्टीअरिंग बॉक्सवर भार वाढतो. मी म्हटलं, "बाळा, मूळ शॅकल बसव." गाडीत मनमानी बदल करायला मनाई करणाऱ्या मोटार वाहन कायद्याच्या 52व्या कलमाचीही आठवण करून दिली. तोंड वाकडं करून तयार झाला.

शॅकल बदलताना एक गोष्ट बरेच जण चुकतात. गाडी जॅकवर असतानाच बुशचे, म्हणजे शॅकलच्या भोकातल्या रबरी नळ्यांचे, बोल्ट आवळू नका. रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. गाडी चाकांवर उतरवा, दोन-चारदा दाबून हलवा, मग आवळा. पाटा अ‍ॅक्सलला बांधणारे यू-बोल्ट सोडले असतील तर तेही थोडं चालवल्यावर पुन्हा पाना लावून बघा. त्या पोराला पुढच्या रविवारी त्यासाठीच बोलावलंय.