पडद्यांच्या बराकी

(दृश्य: उल्हासनगर, कॅम्प नंबर तीन. दुकानांच्या पाट्या, सकाळची वर्दळ.)

इथं पत्ता सांगताना आजही ‘कॅम्प नंबर तीन’ म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ सैनिकांसाठी बांधलेली ही छावणी. फाळणीनंतर सिंधमधून आलेली जवळपास लाखभर माणसं इथं उतरली. ८ ऑगस्ट १९४९ ला तिचं नाव उल्हासनगर ठेवलं गेलं. ठाणे पूर्वेच्या कोपरी कॉलनीतही अशीच कुटुंबं वसली.

बराकी सैनिकांच्या सोयीच्या. लांबच लांब, आतून मोकळ्या. मधे पडदे लावून त्यात संसार मांडले गेले. नळ सामाईक, संडास सामाईक. वयात आलेली मुलगी पदरात असलेल्या आईला तिथं झोप कशी लागत असेल?

(दृश्य: पापड लाटणारे हात.)

याच बायकांनी पापड लाटले, लोणची घातली, शिवणकाम केलं. हातात स्वतःचे चार पैसे आले. त्यांच्या धडाडीचं कौतुक आपण करतो, करायलाच हवं. पण त्या या देशाच्या नागरिक ठरल्या, मताचा हक्क मिळाला, मुलींना शाळा मिळाली, हेही तितक्याच ठळकपणे सांगायला हवं.

आजच्या बहुतेक निर्वासित बायकांना हा आधार नाही. २०१७ मध्ये म्यानमारमधून सात लाखांवर रोहिंग्या बांगलादेशात कॉक्स बाजारला आले. संडास लांब, वाटेत अंधार, दाराला धड कडी नाही. म्हणून कितीतरी बायका दिवसभर पाणीच कमी प्यायच्या. सरपणासाठी जंगलात जायचं, तिथंही धोका. पुढच्या वर्षी घरोघरी गॅस सिलिंडर मिळू लागले, आणि जंगलातल्या त्या फेऱ्या कमी झाल्या. मदतकार्याच्या ‘स्फिअर’ निकषांत हे सगळं लिहिलेलं आहे: आतून लागणारी कडी, दिवा, पुरुषांच्या एका संडासामागे बायकांचे तीन.

(दृश्य: ओळखपत्र धरलेला हात. चेहरा दाखवू नये.)

आणि कागद. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेनं २००१ मध्ये स्त्रियांना पाच वचनं दिली. प्रत्येकीची स्वतंत्र नोंदणी हे त्यांतलं एक. कार्ड नवऱ्याच्याच नावावर असेल, तर मार खाणारी बाई रेशन सोडून जाणार कुठं?

भारतानं १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. तरी घटनेचं कलम २१ इथल्या प्रत्येक माणसाचं रक्षण करतं. पूर्व पाकिस्तानातून येऊन अरुणाचलात वसलेल्या चकमा निर्वासितांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये हेच सांगितलं.

(दृश्य: ठाण्यातली शाळा, सुटीची घंटा.)

शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वर्षांच्या मुलामुलींसाठी आहे. वयाचा दाखला नाही म्हणून शाळेला प्रवेश नाकारता येत नाही, असं त्याचं कलम १४ सांगतं. तुमच्या वस्तीत अशी एखादी मुलगी घरी बसलेली दिसली, तर तिच्या आईसोबत शाळेत जा. मुख्याध्यापकांपुढे हे कलम ठेवा.