पाटोच्या पुढे

[पणजीचं कदंब बसस्थानक, उजाडताना. गाड्या आत वळतायत. मूळ आवाज थोडा वेळ राहू द्यावा.]

वाळपईची गाडी आत वळली. तिच्या मागोमाग डिचोलीची, मग म्हापशाची. दारात एका पायावर तोललेला कंडक्टर, बोटांच्या बेचक्यात उभ्या घडीच्या नोटा, आणि गावांची नावं पुकारणारा त्याचा आवाज. चाकं पुरती थांबायच्या आधीच निम्मी बस रिकामी होते. कचेरीला जाणारे आधी उतरतात. ज्यांच्यासाठी आम्ही पणजीतल्या बदलत्या बसमार्गांवरचा हा माहितीपट केला, त्या बायका सगळ्यांत शेवटी उतरतात. त्यांना आपला माल खाली घ्यायचा असतो.

[टोपल्या, पोती. केळीच्या पानातली फुलं, जवळून.]

तांबडी भाजी, मुळ्याची भाजी. केळीच्या पानात गुंडाळलेले अबोलीचे वळेसर, म्हणजे गजरे. कुळागरातली, म्हणजे सुपारीच्या बागेतली केळी, नीरफणस, दोन-चार नारळ. सत्तरी आणि डिचोली तालुक्यांतल्या परसांतून आदल्या संध्याकाळी काढलेला हा माल पणजीच्या बाजारात जायचा आहे. उन्हं वर यायच्या आत पोचला तर त्याला भाव. नाहीतर भाजी माना टाकते आणि गिऱ्हाईक घासाघीस करायला लागतं.

[नकाशा. पूर्वेला बसस्थानक, पश्चिमेला बाजार. मधली रेघ हळूहळू उमटते.]

पणजी मांडवीच्या काठाने आडवी पसरली आहे. बसस्थानक तिच्या पूर्वेच्या टोकाला, खाडीपलीकडे, पाटोला. बाजार दुसऱ्या टोकाला, कांपालच्या अलीकडे. मध्ये सुमारे 2 किलोमीटर अंतर, आणि त्या अंतरात सगळं शहर: पोस्ट, जुनं सचिवालय, बँका, आझाद मैदान, चर्च, दुकानं. गावातून पणजीला येणाऱ्या माणसाचं काम पाटोला क्वचितच संपतं. ते पाटोच्या पुढे असतं.

हे अंतर वर्षानुवर्षं खासगी मिनीबस तोडत आल्या. स्थानकातून निघायचं, पाटोचा पूल ओलांडायचा, जुन्या सचिवालयावरून नदीकाठच्या दयानंद बांदोडकर मार्गाने बाजार, कांपाल, मिरामार आणि पुढे दोनापावल. काही गाड्या सांतिनेजवरून ताळगावला. गाड्या जुन्या, गर्दी अंगावर येणारी. पण क्लीनर रोजच्या बायकांना ओळखायचा. टोपली कुणाची, ती कुठे उतरणार, हे त्याला विचारावं लागत नसे.

[बाइट, म्हणजे मुलाखतीचा तुकडा: फुलं विकणाऱ्या आजी. पूर्ण जाऊ द्यावी.]

गोव्यात बस म्हणजे नुसतं वाहन कधीच नव्हतं. तिच्यासाठी इथे आंदोलनं झाली आहेत.

[जुनी कृष्णधवल छायाचित्रं. विद्यार्थ्यांचा मोर्चा.]

साल 1978–79. शशिकला काकोडकर मुख्यमंत्री होत्या. गोव्यातली बससेवा खासगी मालकांच्या हातात होती. खेड्यातून कॉलेजला येणाऱ्या मुलांच्या घरी रोजचं भाडं जड जात होतं, आणि विद्यार्थ्यांनी मागणी केली ती बसभाड्यात 50 टक्के सवलतीची. मोर्चे निघाले, रस्ते अडले, लाठ्या चालल्या. त्या पिढीतले लोक आज सत्तरीला टेकलेत, पण विषय काढला की आवाज चढतो. पुढे 1980 साली कदंब वाहतूक महामंडळ उभं राहिलं. सरकारी बस गोव्याला मिळाली ती मागणाऱ्यांनी मागितली म्हणून. हे आजच्या तरुणांना शाळेत कुणी सांगत नाही. सांगायला हवं.

[मांडवीचा कोसळलेला पूल. वृत्तपत्रांतली छायाचित्रं. मग फेरीबोटीचं आजचं चित्रण.]

आणि 5 जुलै 1986. भर पावसात मांडवीवरचा पहिला पूल कोसळला. बार्देश आणि पेडण्याकडून येणाऱ्या बसगाड्यांचा रस्ता एका दिवसात नदीपलीकडच्या बेतीला येऊन संपला. पुढे फेरीबोट. माणसं, सायकली, माशांच्या पाट्या, शाळेची मुलं, सगळी एकाच फळीवरून आत आणि पलीकडे पणजीच्या धक्क्यावर बाहेर. नवे पूल होईपर्यंत उत्तर गोव्याने हे अंगवळणी पाडून घेतलं. तिथे आज आणखी एक पूल आहे, 27 जानेवारी 2019 ला खुला झालेला अटल सेतू.

1986 च्या त्या दिवसांची आठवण आम्ही इथे मुद्दाम काढतो आहोत. तेव्हा मार्ग तुटला तो सगळ्यांचा. सचिवालयातले साहेब आणि भाजीवाली एकाच फेरीबोटीत उभी राहत. म्हणून फेऱ्या वाढल्या, रात्री उशिरापर्यंत बोटी चालल्या. अडचण वरच्या माणसाच्याही पायाखाली आली की वाट निघते. आज शहरातला बसचा मार्ग वळवला तर त्याचा फटका ज्याच्या घरी दुचाकी नाही, चारचाकी नाही, त्यालाच बसतो. निर्णय घेणारा माणूस पाटोला बसमधून उतरत नाही.

[खणलेले रस्ते. पत्र्याची कुंपणं. धुळीत अंधूक दिसणारी दुकानं. जेसीबीचा आवाज.]

2016 साली पणजीची स्मार्ट सिटी योजनेत निवड झाली. प्रत्यक्ष खोदकामाने जोर धरला तो 2022 नंतर. जमिनीखालच्या सांडपाण्याच्या वाहिन्या जुन्या, कित्येक ठिकाणी खचलेल्या. त्या बदलल्याशिवाय शहराला पुढे जाता आलं नसतं. हे काम हवंच होतं, आणि आम्ही भेटलो त्यांतल्या एकानेही ते नको होतं असं म्हटलं नाही. पण सांतिनेज, भाटले, मळा, आझाद मैदानाचा परिसर, जिकडे पाहावं तिकडे एकाच वेळी खड्डे. नव्याने बुजवलेल्या रस्त्यांत मालाचे ट्रक रुतून बसले. धुळीचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला.

रस्ता बंद झाला की बस वळते. हा आठवडा या बाजूने, पुढचा आठवडा त्या बाजूने. पणजीला एक-दोन दिवसांच्या वळणाची सवय आहे. शिगमोत्सवाच्या मिरवणुकीला नदीकाठचा रस्ता बंद होतो, कार्निव्हलला होतो, नोव्हेंबरात इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, असला की कांपालकडे गर्दी असते. त्या दिवसांची तारीख आधीच ठाऊक असते, म्हातारी माणसंसुद्धा हिशेब करून निघतात. खोदकामाला तारीख नव्हती.

[बाइट: कंडक्टर, चहाच्या गाड्यापाशी.]

मग 2024 साली शहरातल्या फेऱ्या खासगी मिनीबसकडून कदंबाच्या विजेवर चालणाऱ्या गाड्यांकडे आल्या.

[नवी बस, पाटोचा पूल ओलांडताना. नदीवर ऊन.]

या गाड्या चांगल्या आहेत. धूर नाही, इंजिनाचा घरघराट नाही, तिकीट यंत्रातून निघतं. मळा भागात जुन्या घरांत राहणाऱ्या एका आजोबांनी आम्हाला खिडकीत बोलावून शांतता ऐकवली. आधीच्या गाड्यांचा हॉर्न त्यांच्या दुपारच्या झोपेत घुसायचा. हेही या शहराचंच मत आहे आणि ते आम्ही कापलेलं नाही.

[बाइट: मळ्यातले आजोबा.]

खासगी बसमालकांनी विरोध केला. त्यांची बाजू समजून घ्यायला हवी. गोव्यातल्या बसमालकाकडे बहुतेक वेळा एक नाहीतर दोन गाड्या. कर्ज काढून घेतलेल्या, बऱ्याचदा स्वतःच चालवलेल्या. एका परवान्यावर एक कुटुंब. सरकारने 2023 साली ‘म्हजी बस’ योजना आणली. मालकाने आपली बस कदंबाला जोडायची, भाड्याचे पैसे महामंडळाकडे जायचे आणि मालकाला किलोमीटरच्या हिशेबाने मोबदला मिळायचा. काही जण त्यात गेले, काही बाहेर राहिले.

[परवान्याचा कागद, जवळून. नाव आणि क्रमांक झाकावेत.]

हा बसचा परवाना. वाहतूक प्राधिकरण तो देतं. बस कुठून सुटणार, कुठे पोचणार, मधला मार्ग कोणता, फेऱ्या किती, सगळं यात नोंदलेलं. ड्रायव्हर मनाला येईल तिकडे गाडी नेऊ शकत नाही. आणि त्याला दुसरीकडे जायला सांगायचं तर त्यालाही कायदा आहे: मोटार वाहन कायदा, 1988, कलम 115. लोकांच्या सुरक्षिततेसाठी किंवा सोयीसाठी, किंवा रस्त्याच्या वा पुलाच्या स्वरूपामुळे, एखाद्या रस्त्यावर वाहनांना बंदी घालता येते. बंदी महिन्याहून जास्त काळाची असेल तर ती राजपत्रात छापावी लागते. महिन्याच्या आतली असेल तर राजपत्राची गरज नाही. पण परिस्थितीप्रमाणे शक्य तेवढी स्थानिक प्रसिद्धी द्यावीच लागते. हे शब्द कायद्यातच आहेत.

स्थानिक प्रसिद्धी म्हणजे वर्तमानपत्रातली छोटी चौकट. आता मोबाइलवर फिरणारा संदेश. दोन्ही ठिकाणी मजकूर बहुतेक वेळा इंग्रजीत.

[रिकामे थांबे, एकामागून एक. खांब, छपरं. कुठेही कागद नाही.]

आम्ही चित्रित केलेल्या थांब्यांपैकी एकाच्याही खांबावर बदललेल्या मार्गाचा कागद नव्हता. बस आता इथे थांबत नाही, हे तिथे उभं राहूनच कळायचं. शेजारचा गाडेवाला सांगायचा, नाहीतर पायलट, म्हणजे मोटारसायकलवरून भाड्याने माणसं नेणारा. पिवळ्या मडगार्डच्या मोटारसायकलवर बसलेला पायलट हा या शहराचा खरा चौकशी कक्ष झाला होता. त्याच्या धंद्याला ते बरंच होतं, तरी कॅमेऱ्यासमोर तो म्हणतो की म्हातारी बाई उन्हात उभी दिसली की तोंडातून आपसूक खरं निघतं.

[बाइट: पायलट. हसू राहू द्यावं.]

1987 च्या राजभाषा कायद्याने देवनागरीतली कोकणी ही गोव्याची राजभाषा ठरली आणि मराठीलाही सरकारी कामात जागा मिळाली. त्या कायद्यासाठी या राज्याने केवढी ओढाताण सोसली, हे इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. वाळपईच्या बाईला देवनागरी वाचता येते. ती रोज सकाळी मराठी पेपर बघते, देवळातली वर्गणीची यादी वाचते. एक ओळ देवनागरीत खांबावर चिकटवली असती, तर टोपली घेऊन ती चुकीच्या जागी उभी राहिली नसती.

[बाजार. भाजीच्या ओळी. दोन-तीन रिकाम्या जागा.]

काही जणींनी रिक्षा धरली आणि दिवसाच्या कमाईतला मोठा वाटा भाड्यात गेला; काहींनी पणजीला यायचंच सोडलं आणि आता त्या गावच्या नाक्यावर बसतात.

[तीन चेहरे. निवेदन नाही. बाजाराचा आवाज.]

दुकानदारांची मतं एकसारखी नाहीत. ज्याच्या दारातून थांबा हलला तो म्हणतो गिऱ्हाईक तुटलं. ज्याच्या दारात आला तो म्हणतो दुकानाचं तोंड झाकलं, पार्किंग गेलं. कॉलेजची मुलं बस बदलली याबद्दल फारसं बोलत नाहीत. त्यांची तक्रार संध्याकाळची आहे. शहरातली फेरी उशिरा पाटोला पोचली की गावची शेवटची गाडी सुटलेली असते. डिचोलीच्या पुढे राहणाऱ्या मुलीसाठी ही किरकोळ बाब नाही. त्या तासाला घरून फोन सुरू होतात.

[बाइट: दोन विद्यार्थिनी, स्थानकाच्या बाकावर.]

आम्हाला विचाराल तर या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचं वाक्य याच दोघींचं आहे. त्या म्हणतात, शहरातल्या बसचं वेळापत्रक आखताना तालुक्यांकडे जाणाऱ्या शेवटच्या गाडीची वेळ समोर ठेवा. एवढी साधी जोडणी. कागदावर दोन्ही वेळा शेजारी लिहून पाहिल्या तरी चूक दिसते. पण दोन्ही वेळा शेजारी लिहिण्यासाठी, ज्या माणसाला दोन्ही गाड्या लागतात त्याला बैठकीला बोलवावं लागेल. मार्ग बदलताना नगरसेवकांशी बोलणी होतात, व्यापाऱ्यांशी होतात, बसमालकांशी होतात. प्रवाशांची संघटना नसते, म्हणून प्रवाशांशी होत नाहीत.

[स्थानकावर बायका एका कागदावर सह्या करताना. काही अंगठे.]

हे निवेदन बाजारातल्या बायकांनी लिहून घेतलं आहे. मराठीत, हाताने. त्यात नव्या बसला विरोध नाही. पहाटेच्या 2 फेऱ्या बाजाराच्या दारापर्यंत न्याव्यात. गाडीत मागे टोपल्यांपुरती जागा मोकळी ठेवावी, तिचं वेगळं तिकीट काढायलाही त्या तयार आहेत. रस्ता बंद होणार असेल तर आदेशाची देवनागरी प्रत आदल्या दिवशी त्या मार्गावरच्या प्रत्येक थांब्यावर लागावी. चौथी मागणी मुलींनी आग्रहाने घालायला लावली, शेवटच्या गाडीची. मजकूर संपल्यावर कागदावर जागा उरली नाही, तेव्हा सह्या मागच्या बाजूला घेतल्या गेल्या.

पुढच्या सोमवारी त्या हा कागद घेऊन कचेरीत जाणार आहेत. कचेरी शहराच्या मध्यभागी आहे. सकाळची भाजी विकून झाल्यावर, अकराच्या सुमाराला.