स्टेट आणि मॅडिसनच्या कोपऱ्यावरचे दुकान

मित्रहो, शिकागो शहरातला कुठलाही पत्ता स्टेट स्ट्रीट आणि मॅडिसन स्ट्रीटच्या चौकापासून मोजतात. घरांचे क्रमांक तिथून चारी दिशांना वाढत जातात. या पद्धतीचा अंमल 1909 पासूनचा, पण चौकाला महत्त्व आधीच आले होते, ते खरेदीमुळे. त्याच्या आग्नेय कोपऱ्यावर बारा मजली पांढरी इमारत उभी आहे. तिच्याविषयी बोलायचे कारण असे, की एका गाजलेल्या वाक्याचा जगभर जो विपर्यास झाला, त्याचे उत्तर ते वाक्य लिहिणाऱ्यानेच इथे देऊन ठेवले आहे.

तो लेखक म्हणजे वास्तुरचनाकार लुई सलिव्हन. रूप नेहमी कार्यामागून येते, म्हणजे वस्तूचे रूप तिच्या उपयोगावरून ठरते, असे त्याने 1896 सालच्या एका निबंधात लिहिले. पुढच्या पिढ्यांनी त्यातून सोयीचा अर्थ काढला: नक्षी उतरवा, भिंती कोऱ्या ठेवा, खर्च वाचवा. हे वाक्य तोंडी घेऊन किती रुक्ष इमारती उभ्या राहिल्या! आणि वाक्याचा धनी मात्र तीन वर्षांत दुकान बांधायला बसला, तेव्हा त्याने खालच्या दोन मजल्यांवर वेली, पाने आणि कळ्यांचे रान उठवले.

दुकान श्लेसिंजर आणि मेयर या भागीदारांचे. 1871 च्या आगीत शहराचा मध्यभाग बेचिराख झाला होता. त्यानंतर स्टेट स्ट्रीट नव्याने उभा राहिला आणि तिथे मोठ्या दुकानांची चुरस लागली. मार्शल फील्डची पेढी याच रस्त्यावर होती. तिच्यासमोर टिकायचे तर जुन्या इमारतीत भागणार नव्हते. 1899 साली मॅडिसनच्या बाजूला नऊ मजली, तीन खणांचा (खण म्हणजे दोन खांबांमधला भाग) भाग झाला. 1903-04 मध्ये कोपरा आणि स्टेटवरचे सात खण, बारा मजली. खण हा आपल्या वाड्यांच्या मोजणीचा शब्द इथे अगदी चपखल बसतो, कारण ही इमारत खणाखणानेच वाढली.

आता वरचे मजले पाहा. आत पोलादी सांगाडा आहे, सगळा भार त्याच्यावर. भिंतीवर भारच नाही म्हटल्यावर तिथे काच घालता आली. प्रत्येक खणात मधे एक रुंद, न उघडणारी काच आणि दोन्ही कडांना उघडणाऱ्या अरुंद खिडक्या. मधून उजेड, कडेने वारा. दुकानात कापडाचा खरा रंग दिसायचा तर दिवसाचा उजेड खोलवर पोचायला हवा. बाहेरून सांगाड्यावर झिलईच्या पांढऱ्या टेराकोटाच्या फरशा मढवल्या. आगीची धास्ती घेतलेल्या शहरात भाजलेल्या मातीचे हे कवच पोलादाचे रक्षण करी, आणि कोळशाच्या धुराने काजळी धरली तरी धुऊन निघे. लोखंडी सांगाड्याची इमारत मुंबईलाही नवी नव्हती. काळ्या घोड्याजवळचे वॉटसन हॉटेल 1860 च्या दशकात इंग्लंडहून घडवून आणलेल्या लोखंडावरच उभे राहिले. पण तिथला सांगाडा परक्या कारखान्यातून आला, शिकागोत तो शहराच्या स्वतःच्या गरजेतून वाढला.

आणि खालचे दोन मजले? माझ्या मते इमारतीचे मर्म तिथे आहे. तिथे बीड वापरले. आपल्या घरातल्या बिडाच्या तव्यासारखेच ओतीव लोखंड, पण साच्यात ओतल्यावर त्यातून देठ, पालवी आणि गुंतलेल्या वेली निघाल्या. बरीचशी नक्षी सलिव्हनचा सहकारी जॉर्ज एल्म्स्लीने रेखाटली. तांबड्या रंगावर हिरवा रंग असा चढवला, की लोखंड जुन्या कांस्यासारखे दिसावे. ही नक्षी दर्शनी काचांभोवती आहे, म्हणजे रस्त्यावरून चालणाऱ्या माणसाच्या डोळ्यांपुढे. बाराव्या मजल्यावरचे पान कोणाला दिसणार? तिथे उजेड हवा होता, म्हणून तिथे साधेपणा. खाली पावले थबकायला हवी होती, म्हणून खाली सौंदर्य. दोन्हीकडे उपयोगाचाच विचार आहे. माणसाला आनंद देणे हेही इमारतीचे काम आहे, हे सलिव्हनने मनापासून मानले होते. गोलाकार कोपऱ्यातल्या प्रवेशद्वारावरच्या वेलींत त्याने आपली आद्याक्षरेही गुंफली आहेत. आत तिसऱ्या मजल्यावर स्त्रियांसाठी लिहिण्या-वाचण्याची खोली होती, तिला महोगनीच्या लाकडातली जाळी. भर शहरात बाईमाणसाला एकटीने निवांत बसता येईल अशा जागा त्या काळी थोड्याच होत्या.

मालकांना मात्र हे फार काळ लाभले नाही. 1904 मध्येच हॅरी सेल्फ्रिज याने धंदा विकत घेतला आणि काही महिन्यांत कार्सन, पिरी, स्कॉट या पेढीला विकून टाकला. हाच सेल्फ्रिज पुढे लंडनला गेला आणि 1909 साली ऑक्सफर्ड स्ट्रीटवर आपल्या नावाचे दुकान उघडून बसला. कार्सन पेढी इथे शंभरावर वर्षे नांदली. 1906 मध्ये वास्तुरचनाकार डॅनियल बर्नमच्या कचेरीने पाच खण वाढवले, 1960-61 मध्ये आणखी तीन जोडले गेले. दोन्ही वेळी मूळ रचनेचा मान राखला गेला, हे मला फार मोठे वाटते.

सलिव्हनची पुढची हकीकत जड मनाने सांगावी लागते. वास्तुरचनाकार डँकमार अॅडलरशी त्याची भागीदारी 1895 मध्येच तुटली होती. या दुकानानंतर महानगरातले एवढे मोठे काम त्याच्या हाती आले नाही, छोट्या गावांतल्या काही सुंदर बँका तेवढ्या आल्या. 1924 साली तो शिकागोतच विपन्नावस्थेत वारला. त्याच्या इमारतीही पाडल्या जाऊ लागल्या. त्याने आणि अॅडलरने बांधलेले शिकागोच्या शेअर बाजाराचे भवन 1972 मध्ये पाडताना, नक्षीचे तुकडे वाचवायला आत गेलेला छायाचित्रकार रिचर्ड निकेल ढिगाऱ्याखाली सापडून मरण पावला.

हे दुकान वाचले, पण तेही अखंड नाही. माथ्यावरचा पुढे आलेला छज्जा 1948 मध्ये काढून टाकला होता, तो जवळजवळ साठ वर्षांनी पुन्हा बसवला. 2007 च्या फेब्रुवारीत कार्सनने दार बंद केले. त्यानंतर बिडाच्या नक्षीची दुरुस्ती झाली, इमारतीला सलिव्हन सेंटर हे नाव मिळाले आणि 2012 मध्ये खालच्या मजल्यांवर टार्गेट हे दुकान आले. शिकागोला कोणी गेलात, तर आधी कोपऱ्यावरचे दार पाहा, मग मॅडिसनने वळून 1899 चे तीन खण शोधा. ते तीन मजल्यांनी बुटके आहेत, चटकन सापडतील.