होलियोकचे दगडी धरण आणि तीन मजली कालवा

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात कनेक्टिकट नदी होलियोक येथे खडकांवरून, अगदी थोड्या अंतरात, सुमारे साठ फूट खाली उतरते. या उताराच्या बळावर गिरण्या चालवण्यासाठी १८४८ साली तेथे लाकडी धरण बांधण्यात आले. १६ नोव्हेंबरच्या सकाळी त्याची दारे बंद झाली, पाणी चढू लागले, गळती लागली आणि त्याच दुपारी धरण वाहून गेले.

पुढच्या वर्षीचे धरणही लाकडाचेच होते. मात्र या वेळी ओंडक्यांच्या चौकटी दगडांनी भरून नदीतळाच्या खडकाला जखडल्या आणि वरच्या अंगाला लांब उतार दिला, म्हणजे साठलेल्या पाण्याचे वजनच धरणाला खाली दाबून धरील. युक्ती नामी होती. तरीही माथ्यावरून कोसळणारे पाणी पायथा कोरत राहिले आणि सुमारे वीस वर्षांनी खालच्या अंगालाही उतरता भराव जोडावा लागला.

अखेर १८९५ साली दगडी धरणाचे काम सुरू झाले आणि १९०० मध्ये सुमारे १,०२० फूट लांब व ३० फूट उंच भिंत पूर्ण झाली. अशी भिंत पाण्याला अडवते ती स्वतःच्या वजनाने. खोलीबरोबर पाण्याचा दाब वाढत जातो, म्हणून ती तळाशी रुंद असते. पायाखालच्या भेगांत शिरलेले पाणी तिला वर उचलू पाहते, म्हणून पाया निखळ खडकावरच घ्यावा लागतो.

धरण केवळ पातळी उंचावते. कमाई करतो तो कालवा. होलियोकचे कालवे एकूण साडेचार मैलांचे असून ते तीन पातळ्यांवर आहेत. वरच्या कालव्यातले पाणी गिरणीच्या टर्बाइनमधून सुमारे वीस फूट उतरून मधल्या कालव्यात पडे, तेथे दुसऱ्या गिरणीच्या कामी येई आणि मगच आणखी खाली जाई. एकच पाणी असे पुन्हा पुन्हा विकता येत असे, आणि माझ्या मते या योजनेची खरी हुशारी भिंतीपेक्षा या रचनेत आहे.

विक्रीचे मापही ठरलेले होते: वीस फुटांच्या उतारावर सेकंदाला ३८ घनफूट पाणी, म्हणजे टर्बाइनमधली घट न धरता सुमारे ८६ अश्वशक्ती. पण विकलेले पाणी मोजायचे कसे? पाणी पुरवणाऱ्या कंपनीचे अभियंता क्लेमेन्स हर्शल यांनी १८८० च्या दशकात त्यासाठी मध्ये निमुळती होत जाणारी नळी वापरली. अरुंद भागात पाण्याचा वेग वाढतो, दाब उतरतो आणि दाबांतील फरकावरून प्रवाह काढता येतो. इटालियन शास्त्रज्ञ व्हेंचुरी यांचे नाव दिलेला हा मापक आजही जलवाहिन्यांवर बसवला जातो.